आंघोळीचे पाणी आणि सूर्यनारायण

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा म्हटले की आपल्यापैकी पुष्कळ जण 'पाऊस', 'माझी आई' किंवा 'हुंडा : एक सामाजिक समस्या' या विषयांकडे वळतात. मी पाणी तापविण्यावर लिहिणार आहे. हे ऐकून वर्गातील दोघी मैत्रिणी हसल्या. त्यांच्या घरी बटण दाबले की गीझर लागतो, तेव्हा त्यांचे हसणे मी समजू शकते. परंतु ज्या घरात थंडीच्या दिवसांत सहा माणसांचे पाणी पहाटे चुलीवर तापते, त्या घरातील मुलीला हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

माझे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात आहे. गाव कसले, वाडीच ती; चाळीस-पंचेचाळीस उंबरे. दसरा झाला की त्यांतले निम्मे उंबरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे गरम पाण्याची खरी गरज ज्या महिन्यांत असते, नेमके त्याच महिन्यांत वाडीत म्हातारी माणसे, शाळेची लेकरे आणि आमच्यासारखी थोडीफार रानात राबणारी घरे उरतात. सरपण आणायला हात कमी आणि थंडी जास्त, असा तो काळ असतो.

आमचे सरपण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, वेड्या बाभळीचे फाटे आणि गोवऱ्या. जुन्या बायका यात फार काटकसरी. स्वयंपाकाची चूल पेटलेली असताना शेजारच्या वैलावर पाण्याची घागर ठेवायची, म्हणजे भाकरीबरोबर पाणीही कोमट होते आणि वेगळे जळण लागत नाही, ही माझ्या आजीची रीत. आज ऊर्जाबचतीवर मोठमोठी व्याख्याने होतात. माझ्या मते वैल ज्या बाईने शोधून काढला तिचे नाव त्यांत पहिले यायला हवे होते. पण वैलावर एक घागर निघते, सहा माणसांचे पाणी निघत नाही. त्यासाठी अंगणात तीन दगड मांडून मोठे पातेले चढवावेच लागते आणि खरा नास तिथे होतो.

तो किती होतो, हे मी माझ्या धाकट्या भावाच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून काढून पाहिले. मी कला शाखेची असले तरी हा हिशेब त्रैराशिकाच्या पलीकडचा नाही. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायची तर ५०० किलोकॅलरी लागतील. वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३५०० किलोकॅलरी असतात. या हिशेबाने दीडशे ग्रॅम लाकडात बादली तापायला हवी. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभरातली दहाच उष्णता भांड्याला लागते. उरलेली नव्वद वाऱ्यावर, दगडांत आणि धुरात जाते. म्हणून एका बादलीला जवळजवळ दीड किलो लाकूड जळते. सहा बादल्यांचे झाले आठ किलोंच्या वर. एक मोळी जेमतेम तीन दिवस पुरते. ही मोळी कोण आणते आणि तो धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे सांगायची गरज नाही. आणि आमच्या वाडीतली पोरे थंडीत दोन-दोन दिवस आंघोळ का टाळतात, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. ती सगळी काही आळशी नसतात.

कोणी म्हणेल, आता घरोघरी गॅस आला आहे. खरे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्याही वाडीत लाल टाक्या आल्या. गॅसवर बादलीभर पाणी तापवायला सुमारे सत्तर ग्रॅम गॅस लागतो. सहा माणसांनी रोज गॅसच्या पाण्याने आंघोळ केली, तर १४.२ किलोची टाकी महिनाभरात निव्वळ आंघोळीत संपेल. म्हणून गॅसवर चहा होतो, पाहुण्यांचा स्वयंपाक होतो. आंघोळीचे पाणी मात्र चुलीवरून हललेले नाही. यात बायकांचे अज्ञान नाही, त्यांचा हिशेब पक्का आहे.

दुसरा मार्ग विजेचा. बाजारात दोन-चारशे रुपयांत मिळणारा रॉड पाण्यात सोडायचा. बादलीमागे साधारण ०.६ युनिट जाते. सहा बादल्यांचे महिन्याला शंभराच्या वर युनिट होतात. वीजबिलात शंभर युनिटांपुढचा दर बराच चढा असतो, म्हणजे एक रॉड सगळ्या घराला वरच्या दरात नेऊन बसवतो. शिवाय पहाटे दाब कमी असतो, पाणी तासभर तापत नाही. धोकाही आहेच. लोखंडी बादलीत रॉड घालून पाणी तापले का म्हणून बोट बुडविणारी माणसे मी पाहिली आहेत. बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात लावावा, हे घरोघरी लिहून ठेवण्यासारखे आहे.

पण विजेच्या बाबतीत मला याहून वेगळी गोष्ट खटकते. आपल्याच जिल्ह्यात परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. औष्णिक केंद्रात काय होते? कोळसा जाळून पाणी उकळतात, त्या वाफेवर चाक फिरवितात आणि वीज करतात. या खटाटोपात कोळशातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. ती वीज तारांतून आपल्या घरी येते आणि आपण तिची पुन्हा उष्णता करून पाणी तापवितो! आगीची वीज आणि विजेची पुन्हा आग. मधल्या मध्ये दोन भाग गेले. त्यात वीज केंद्राला पाणीही लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. ती पाळली तरी आपल्या एका बादलीमागे दोन लिटर पाणी तिकडे खर्च होते. पावसाने ओढ दिली म्हणून परळीचे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते, हे आपल्यापैकी अनेकांना घरच्यांकडून ऐकून ठाऊक असेल. ज्या जिल्ह्यात पाण्यासाठी वीज केंद्र बंद पडते, तिथे विजेवर पाणी तापविणे मला तरी उलटे वाटते. विजेचा दिवा हवा, पंखा हवा, पिठाची गिरणी हवी. त्या कामांना दुसरा उपाय नाही. पाणी कोमट करण्यासारख्या हलक्या कामाला ती कशाला जुंपायची?

मग उरले काय? एक तर जुना बंब. आमच्या वाडीत तो एकाच घरी आहे, तांब्याचा, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. बंबाची करामत अशी की विस्तव पाण्याच्या खाली नसून पाण्याच्या पोटात असतो. मधोमध नळी, तिच्यात जळण, खाली जाळी, वर धुराडे आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. उष्णतेला बाहेर जायचे तर पाण्यातूनच जावे लागते. जळण उघड्या चुलीपेक्षा पुष्कळच कमी लागते आणि तुराट्यांचे तुकडे, कणसांचे बुरकुंडे असे काहीही चालते. तांब्याचा बंब आज परवडणार नाही, पण पत्र्याचे बंब बाजारात मिळतात. ज्याला एकदम मोठा खर्च झेपत नाही त्याने निदान तीन दगडांवरून बंबावर यावे. फक्त तो उघड्यावर ठेवावा. बंद न्हाणीत धूर कोंडून जिवावर बेतू शकते. गॅसच्या गीझरचेही तेच. न्हाणीला हवा नसेल तर न दिसणारा विषारी वायू साचतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो.

आता मुख्य गोष्ट, उन्हाची. उन्हात पाणी तापते हे सांगायला शास्त्रज्ञ नको. उन्हाळ्यात काळ्या पाइपातून दुपारी येणारे पाणी हात भाजते. अमेरिकेतही शेतकरी लोक काळ्या रंगाच्या टाक्या उन्हात ठेवीत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने १८९१ मध्ये तशा टाक्या काचेचे झाकण असलेल्या लाकडी पेटीत बसविल्या आणि 'क्लायमॅक्स' या नावाने विकायला काढल्या. ऊन काचेतून आत येई, पण उष्णता सहजी बाहेर जात नसे. अडचण एकच होती, रात्री पाणी निवे. पुढे १९०९ च्या सुमारास विल्यम बेली याने तापविण्याची जागा वेगळी आणि साठविण्याची टाकी वेगळी केली व टाकीला गोधडीसारखे जाड आवरण घातले. मग दुपारचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळू लागले. आज ज्याला आपण सोलर म्हणतो, त्याच्या पोटात हीच युक्ती आहे.

आपल्याकडे आता बहुधा काचेच्या नळ्यांचे सोलर दिसतात. प्रत्येक नळी दुहेरी असते, मधली हवा काढून टाकलेली, चहाच्या थर्मासप्रमाणे. आतल्या नळीला काळसर लेप असतो. नळीतले पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि गार पाणी खाली उतरते. पंप नको, वीज नको. तोंड दक्षिणेकडे ठेवायचे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर दिवसाला साधारण पाच युनिटांइतके ऊन पडते. शंभर लिटरच्या सोलरला दोन चौरस मीटरांच्या आसपास जागा लागते. त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली तरी दिवसाला पाच युनिट झाले. वर्षातून तीनशे दिवस ऊन धरले तर दीड हजार युनिट; सरकारी माहितीपत्रकातही हाच आकडा दिलेला असतो.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. सध्या सगळीकडे 'सोलर, सोलर' चालले आहे. २०२४ साली छपरावरील विजेसाठी पंतप्रधान सूर्यघर योजना आली, शेतात सौरपंप आले. ही सोलर वीज तयार करणारी. आपण बोलतो आहोत ती सोलर नुसते पाणी तापविणारी. दोन्ही काळीच दिसतात, दोन्ही उन्हातच असतात, पण काम निराळे आणि किंमतही निराळी. वीज करणारी पाटी उन्हाचा पाचवा हिस्सा पकडते, पाणी तापविणारी नळी निम्मा. पाणीच तापवायचे असेल तर दुसरीच बरी. दुर्दैवाने पाणी तापविणाऱ्या सोलरवर पूर्वी केंद्राचे जे अनुदान मिळे, ते २०१४ च्या सुमारास बंद झाले. पुण्यात महापालिका सोलर बसविणाऱ्याला मिळकतकरात सूट देते. आमच्या वाडीत कर तो किती आणि त्यात सूट ती किती!

इतके सोपे असेल तर घरोघरी सोलर का नाही? शंभर लिटरच्या साध्या सोलरला वीस हजारांच्या आसपास खर्च येतो, हे एक कारण झाले. पण पैसा असला तरी आमच्या भागात आणखी अडचणी आहेत आणि त्या माहितीपत्रकात नसतात. पत्र्याच्या घरावर भरलेली टाकी बसत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, वर सांगाडा वेगळा. सोलरमध्ये पाणी आपोआप जायचे तर गार पाण्याची टाकी त्याहून उंच पाहिजे. बोअरचे पाणी क्षारांचे. तांब्याच्या बारीक नळ्यांचे जुन्या पद्धतीचे सोलर अशा पाण्याने तुंबतात. काचेच्या नळ्या रुंद असल्यामुळे तग धरतात, पण त्यांतही पांढरा थर बसतोच. डोंगरातून वानरांच्या टोळ्या येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिची आठवण अजून कोणी विसरलेले नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे पाणी. नळाला पाणी नसले की नळ्या कोरड्या राहतात, उन्हात भयंकर तापतात आणि मग भर दुपारी टँकरचे गार पाणी सोडले की तडकतात. त्यावर उपाय साधा आहे. पाणी संपले की नळ्यांवर पोती टाकायची आणि भरायचे ते सूर्य उगवायच्या आत.

म्हणून मला वाटते की आमच्यासारख्या वाडीने घरोघर सोलर हे पुण्यामुंबईचे गणित डोक्यातून काढून टाकावे. एकत्र सोलरचा विचार करावा. असे उदाहरण मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाळूजजवळ पाटोदा नावाचे गाव आहे. (आपल्या जिल्ह्यातला पाटोदा तालुका नव्हे, मीही नाव वाचून प्रथम आपलाच पाटोदा समजून आनंदले होते.) भास्करराव पेरे पाटील तिथले सरपंच असताना ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्यांना दळण फुकट दिले आणि गावकऱ्यांसाठी सौर ऊर्जेवर गरम पाण्याचीही सोय केली. गरम पाणी ही रस्ता-दिव्यांसारखी गावाची सोय असू शकते, हा विचारच मला नवा वाटला. आपण तो खासगी, न्हाणीच्या दाराआडचा विषय समजतो.

परंतु पाटोद्याचे जसेच्या तसे आमच्याकडे आणावे असेही मी म्हणणार नाही. आमची वाडी उतारावर पसरलेली आहे. पंचायतीसमोर एकच मोठा सोलर बसविला, तर वरच्या आळीपर्यंत गरम पाण्याचा हंडा डोक्यावर कोण आणणार? बायकाच. सरपणाची मोळी उतरून साठ अंशांचा हंडा चढला, याला सुधारणा म्हणता येणार नाही. सोलर पन्नास पावलांच्या आत पाहिजे, म्हणजे चार-पाच घरांना एक.

आमच्या आळीतील बचत गटाच्या पाच जणींनी गेल्या वर्षी असाच एक सोलर घेतला, दोनशे लिटरचा. त्या पाचांत माझी आई आणि चुलती आहे. एकीचे घरकुल स्लॅबचे आहे, त्यावर तो बसविला. गटातून कर्ज काढले, हप्ता पाच घरांत वाटला. स्लॅबवरच्या टाकीत तिसऱ्या दिवशी नळाचे पाणी चढवितात. गरम पाण्याची तोटी भिंतीबाहेर काढली आहे. साठ अंशांच्या पाण्यात गार मिसळले की दोनशे लिटरांतून सोळा बादल्या निघतात. शहरातील चार जणांचे कुटुंब एवढे पाणी एकटे संपवील. आम्ही दुष्काळातली माणसे एका बादलीत आंघोळ करतो, म्हणून त्यात पाच घरे भागतात. पाण्याच्या टंचाईने लागलेली सवय इथे अशी उपयोगी पडली.

खरा वाद झाला तो पाळीवरून. घरात आजवर पहिले कढत पाणी बाप्यांना, मग पोरांना आणि तळाचे कोमट बायकांना, अशी पद्धत होती. सोलर आल्यावरही पहिल्या चार दिवसांत तोटीपाशी तेच सुरू झाले. तेव्हा माझी चुलती भर आळीत म्हणाली, "ऊन काय एकट्या बाप्याचं हाय का? हप्ता आमी भरतोय." त्यावर एक आजोबा रागावून दोन दिवस गार पाण्याने न्हाले. मग वहीत पाळी लिहिली. आळीत बाळंतीण असेल तर पहिली बादली तिची, नंतर शाळेची लेकरे आणि म्हातारी माणसे, मग ज्याला लवकर कामावर जायचे तो, बाई असो की बाप्या. माझी साडेसहाची एस. टी. असते, म्हणून माझे नाव वरच्या ओळीत आहे. पूर्वी मला साडेचारला उठून चूल पेटवावी लागे. आता तो तासभर मी वाचते. आईचे सरपण अजून सुटलेले नाही, कारण भाकरी चुलीवरच होते आणि आभाळाच्या दिवशी पाणीही. पण रानात आठवड्याला तीन खेपा व्हायच्या, तिथे एक होते.

तक्रारी आहेतच. बसवून गेलेला दुकानदार आता फोन उचलत नाही. एक नळी वानरांनी फोडली, ती आणायला बीडला जावे लागले आणि तोवर तीन दिवस सगळ्यांची चूल पेटली. क्षारांचा थर वर्षातून एकदा नळ्या काढून घासावा लागतो. ते काम गटातल्या दोघी शिकल्या आहेत. हप्ते अजून सात राहिले आहेत आणि पाचांपैकी एक घर ऊसतोडीला गेले असल्यामुळे त्यांचा हप्ता उशिरा येतो. पाणी वापरायला ते इथे नाहीत, तरी हप्ता भरायचा का, हा प्रश्न त्यांनी फोनवरून विचारला आणि तो रास्त आहे. गटाने ठरविले की ऊसतोडीच्या महिन्यांत त्यांनी अर्धाच द्यायचा आणि उरलेला बाकीच्या चौघींनी वाटून घ्यायचा.

हे पाहून खालच्या आळीनेही आता गट केला आहे. त्यांचा वाद सध्या जागेवरून चालू आहे. देवळासमोरच्या ओट्यावर दिवसभर ऊन असते, पण तिथून घरे लांब. घरांजवळ जागा आहे, तर तिथे दुपारनंतर लिंबाची सावली येते. लिंबाची एक फांदी छाटली तर भागेल असे काही जणी म्हणतात. ते झाड ज्यांच्या अंगणात आहे त्या आजी अजून हो म्हणालेल्या नाहीत.